टेबलाची थट्टा

सरकारी कार्यालयात माणसाला नाव असतं ते पगारपत्रकापुरतं. एरवी तो टेबल असतो. ‘आस्थापनेला विचारा’, ‘लेखा आज रजेवर आहे’, ‘भांडार आत्ताच चहाला गेलं’ असं आमच्याकडे इतकं सहज बोललं जातं, की नव्या माणसाला वाटावं, या इमारतीत लाकडी सामान हिंडतं-फिरतं, किरकोळ रजा घेतं आणि चहाही पितं. टपालाची आवक-जावक जिथं होते त्या बारनिशीला बसणाऱ्या बाई आम्हां सगळ्यांच्या ‘बारनिशी मॅडम’. एकदा त्यांचे यजमान त्यांना न्यायला आले. दाराशी बसलेल्या मामांना त्यांनी बायकोचं नाव सांगितलं. मामांनी जरा आठवून पाहिलं आणि म्हणाले, "या नावाचं हितं कुणी न्हाई साहेब. बदली झाली असंल."

मॅडम तेव्हा मामांच्या मागेच उभ्या राहून छत्री शोधत होत्या.

माणूस असा टेबलात मुरला की त्याची थट्टाही त्याची एकट्याची राहत नाही. घरातली, गल्लीतली थट्टा माणसाच्या नाकावर, चालण्यावर, सासुरवाडीवर बेतलेली असते; माणूस गाव सोडून गेला की तीही जाते. कार्यालयातली थट्टा टेबलाला चिकटते. बदलीच्या आदेशात तिचं नाव नसतं, म्हणून ती खुर्चीतच बसून राहते आणि पुढच्याची वाट बघते.

पुढचा येतोच. बदल्यांचा कायदा २००५ सालचा आहे आणि त्याचं पूर्ण नाव श्वास न घेता म्हणून दाखवणाऱ्याला आमच्याकडे एक चहा फुकट मिळतो: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम. विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं नाव घ्यायलाच केवढा विलंब होतो, हा विनोद बहुधा राज्यातल्या प्रत्येक कार्यालयात स्वतंत्रपणे जन्मला असावा. पदावधी साधारण तीन वर्षांचा, कारकून मंडळींना एका कार्यालयात असे दोन. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये. आंबे येतात तेव्हा आदेश येतात. कार्यभार सोपवताना यादी होते: शिक्के तीन, कपाटाच्या किल्ल्या दोन, नोंदवह्या अमुक, पंखा एक (बंद). दोघं सह्या करतात. टेबलाची थट्टा या यादीत कधीच नसते, पण दुपारी एक वाजायच्या आत ती नव्या माणसाच्या ताब्यात तोंडी दिलेली असते आणि तिची पोच कुणी मागत नाही.

भांडाराचंच बघा. भांडार म्हणजे कागद, टाचण्या, शाई, फायलींची फडकी. तिथं फार पूर्वी कुणी एक गृहस्थ होते. आमच्यातल्या कुणीही त्यांना पाहिलेलं नाही. ते टाचण्या मोजून देत आणि वाकड्या झालेल्या परत मागत, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून भांडाराला जो बसेल त्याला ‘किती टाचण्या आहेत?’ असं विचारायचं, हा शिरस्ता. मध्यंतरी त्या टेबलावर एक दिलदार गडी आला. पहिल्याच दिवशी सगळ्यांना भजी खिलवली, कागदाचे गठ्ठे न मागता टेबलांवर ठेवले, मामांना स्वतः उठून पाणी दिलं. आम्ही जरा हिरमुसलोच. टाचण्यांचा प्रश्न याला विचारायचा कसा? पण शिरस्ता म्हणून रोज विचारत राहिलो. पावसाळा संपता संपता त्याच्या खणात एक डबी दिसली. दिवाळीनंतर तो एका मॅडमना म्हणाला, "ताई, तुम्ही गेल्या महिन्यात नेलेला पंच अजून आला नाही." आणि मार्चअखेरीस, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तो चिमट्यानं एक वाकडी टाचणी सरळ करत होता. माणसावरून विनोद निघतो हे खरंच आहे. विनोदावरून माणूस तयार होतो हे मात्र सरकारी कार्यालयातच बघायला मिळतं.

लेख्याची थट्टा त्याहून सोपी. लेख्याच्या तोंडी एकच शब्द: त्रुटी. देयक गेलं की त्रुटी लावून परत. आमच्या सध्याच्या लेखा भाऊसाहेबांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा ती सगळ्या टेबलांवरून फिरून परत त्यांच्याकडेच गेली. वर शेरा होता: ‘वराच्या जन्मतारखेचा पुरावा जोडलेला नाही. मूळ प्रत तपासणीसाठी सादर करावी.’ भाऊसाहेब हसले. मग खाली त्यांनी लाल शाईनं लिहिलं: ‘आहेराची पावती मिळणार नाही.’

आता कुणी म्हणेल, सरकारी कार्यालयात वरून आदेश येतात, त्यांचा धाक असतो, तिथं एवढी थट्टा कशी चालते? तर धाक असतो. पण शासन निर्णय वरून येतो तेव्हा तो आदेश असतो. जिन्यावरून खाली, अभिलेख कक्षापर्यंत पोचेतो त्याचा विनोद झालेला असतो. त्यातून अंमलबजावणीला काही बाधा येत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. हसतहसत का होईना, आम्ही सगळं करतो.

पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाला. चार वर्षांतून एकदा येणारी तारीख निवडली म्हणजे शनिवारही चार वर्षांतून एकदाच मिळणार, असं भाकीत आस्थापना मॅडमनी केलं होतं. महिन्याभरात टाळेबंदी आली. बदल्यात आमची वेळ सकाळी ९:४५ ते संध्याकाळी ६:१५ अशी वाढली आणि शिपाईवर्गाची ९:३० ते ६:३०. मामांना म्हटलं, "मामा, तुमचा अर्धा तास आमच्यापेक्षा जास्त." मामा म्हणाले, "तुम्ही आलाय का बघाया कुणी नको का?"

त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेहरावाचा आदेश आला आणि त्यात आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असं होतं. खादी भांडारातून लेखा भाऊसाहेबांनी एक पांढरं जाकीट आणलं. ते घालून ते पहिल्या शुक्रवारी आले तेव्हा व्हरांड्यात बसलेले दोन म्हातारे उठून उभे राहिले. त्यांच्यातल्या एकानं हात जोडून अर्ज पुढं केला. भाऊसाहेबांचा त्या अर्जाशी काही संबंध नव्हता, तो दुसऱ्याच खात्याचा होता. पण जाकिटाचा गुण म्हणा, त्यांनी अर्ज घेतला, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघू. करून टाकू." म्हातारा समाधानानं निघून गेला. भाऊसाहेब मग तो अर्ज घेऊन उन्हातान्हात तीन कार्यालयं हिंडले. तेव्हापासून लेख्याच्या टेबलाला ‘त्रुटी’बरोबर ‘आमदार’ हेही नाव पडलं आहे, आणि शुक्रवारी काही लोक खास त्यांनाच भेटायला येतात.

कार्यालयात भ्रमणध्वनीवर हळू बोला, शक्यतो टेबलावरचा दूरध्वनी वापरा, असं २०२१ च्या जुलैत आलं. टेबलावरचा दूरध्वनी शोधताना त्याखाली एक जुनं पंचांग सापडलं. मग २०२२ च्या ऑक्टोबरात फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायचा निर्णय झाला. याचा सर्वांत मोठा लाभ नियोजनाच्या भाऊसाहेबांना झाला. त्यांना दिवसातून दोनचार वेळा कर्ज हवंय का, कार्ड हवंय का, असं विचारणारे फोन येत. भाऊसाहेबांचा आवाज शाहिराचा. ते फोन उचलून असं काही खणखणीत ‘वंदे मातरम्’ म्हणत, की पलीकडचं पोर क्षणभर गप्प होई आणि मग फोन ठेवून देई. कर्जाचे फोन हळूहळू बंदच झाले. भाऊसाहेबांना नंतर घर बांधायला खरंच कर्ज हवं झालं, तेव्हा त्यांना बँकेत स्वतःच्या पायांनी जावं लागलं.

हे नियोजनाचे भाऊसाहेब म्हणजे या लेखाचं मुख्य कारण. त्यांच्याविषयी सविस्तर लिहायचं तर आधी जेवणाची सुट्टी सांगायला हवी.

जेवणाची सुट्टी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान अर्धा तास. ‘एक ते दोन’ आणि ‘अर्धा तास’ या दोन शब्दसमूहांच्या मधल्या फटीत पुष्कळ काही मावतं, पण ते असो. अभिलेख कक्षातलं लांब टेबल पुसून मामा वर्तमानपत्र पसरतात. कोणतं पान कुणाच्या डब्याखाली येतं हेही ठरलेलं आहे. निधनवार्ता कुणालाच नको असतात, म्हणून त्या लेख्याला. डबे उघडतात. डबा उघडताना मालकाचा चेहरा बघायचा नसतो, शेजारच्याचा बघायचा. भाजी काय आहे ते त्याला आधी कळतं.

"पुन्हा दोडका?"

"बागेतला आहे."

"कुणाच्या?"

या ‘कुणाच्या’वर आमच्याकडे पाच मिनिटं जातात. आस्थापना मॅडम सगळ्यांना आपली पोळी वाटून स्वतः दुसऱ्यांच्या भाकऱ्या खातात आणि घरी गेल्यावर डबा संपवला म्हणून सांगतात. रोखपाल दोन वेळा ‘नको, नको’ म्हणतात आणि तिसऱ्या वेळी आपली वाटी पुढे करतात. कुणी दोनदाच विचारून थांबलं तर त्यांचा दिवस वाईट जातो. साखरेचा त्रास असलेले तिघं एकमेकांवर नजर ठेवून असतात. एकमेकांच्या मुलांची नावं चुकतील, पण उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर सगळ्यांची सगळ्यांना पाठ.

आणि या सगळ्याच्या मधोमध नियोजनाच्या भाऊसाहेबांचा ठेचा. हिरव्या मिरचीचा, लसूण सढळ हातानं, तव्यावरच भाजून वरवंट्यानं रगडलेला, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. डबीचं झाकण उघडलं की बारनिशी मॅडम खोकायच्या आणि खोकतच डबी ओढायच्या. एखाद्या शाखेचं दुसऱ्या शाखेशी फाटलं असलं, तरी ठेच्यासाठी दोन्ही शाखा एका टेबलाला येत.

एका सोमवारी डबीत ठेचा नव्हता. तोंडली होती. मंगळवारी तोंडली. बुधवारी दुधी. भाऊसाहेब मान खाली घालून जेवत होते आणि विचारलं तर "घरचं आहे, काय बोलायचं" एवढंच म्हणत. गुरुवारी आस्थापना मॅडमनी एक कोरी फाइल घेतली, फडकं लावलं, आणि रीतसर टिप्पणी लिहिली. त्यांचं अक्षर सुरेख आहे. मजकूर असा:

‘विषय: मध्यान्ह भोजनातील ठेचा बंद झाल्याबाबत. १) या कार्यालयाच्या नियोजन शाखेचे डब्यात दररोज मिरचीचा ठेचा येत असे. २) चालू सोमवारपासून सदर ठेचा येणे बंद झाले असून त्याऐवजी तोंडली प्राप्त होत आहेत. ३) सदर बदलाबाबत संबंधितांनी या कार्यालयास पूर्वकल्पना दिल्याचे दिसून येत नाही. सबब, ठेचा पूर्ववत सुरू करणेबाबत संबंधितांना निर्देश द्यावेत किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत.’

फाइल टेबलाटेबलांवरून निघाली. प्रत्येकानं आपापल्या वळणानं लिहिलं. लेख्यानं: ‘यापूर्वीचा ठेचा कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्ची पडला? चालू वर्षी तरतूद उपलब्ध असल्याची खातरजमा करावी.’ भांडारानं: ‘साठा नोंदवहीत ठेच्याची नोंद आढळत नाही. डबी परत करण्यात आली आहे.’ आस्थापनेनं, म्हणजे लिहिणाऱ्या मॅडमनीच, पुढच्या पानावर: ‘संबंधितांची कर्तव्यसूची तपासली. त्यात ठेचा नाही. तथापि तोंडलीही नाहीत.’ न्यायालयीन प्रकरणं बघणाऱ्यांनी: ‘निर्णयापूर्वी वहिनींना म्हणणे मांडण्याची संधी देणे नैसर्गिक न्यायतत्त्वास धरून होईल.’ सगळ्यांत शेवटी ती नियोजनाकडे गेली. भाऊसाहेबांनी खाली बारीक अक्षरात खुलासा लिहिला: ‘आम्लपित्तामुळे डॉक्टरांनी मिरची बंद केली आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र मागाहून सादर करतो. तोंडलीबाबत मी स्वतःही व्यथित आहे.’

इथं हे संपायला हवं होतं. पण कुणीतरी गंमत म्हणून फाइलवर ‘तातडीचे’ अशी लाल पताका लावली होती. मामांचा लाल पताकेशी एकच व्यवहार आहे: दिसली की आत न्यायची. वाटेत बारनिशी लागते. बारनिशी मॅडम फोनवर होत्या, हाताला सवय. त्यांनी न बघता नोंदवही ओढली, विषय उतरवला आणि क्रमांक टाकला. फाइल साहेबांच्या टेबलावर गेली.

आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. साहेब हसले असते तरी बरं, रागावले असते तरी बरं. फाइल परत आली तेव्हा वर नेहमीची सही, नेहमीची तारीख आणि नेहमीच्या घाईनं ओढलेला शेरा: ‘चर्चा करा. नमुन्यासह.’

आता गैरसमज नको, साहेब रसिक होते. त्यांनी विनोदाला विनोदानं उत्तर दिलं होतं. पण कागद विनोदी आहे की गंभीर हे बारनिशीची नोंदवही विचारत नाही. क्रमांक शाईनं पडला होता. क्रमांक पडला म्हणजे प्रकरण कार्यविवरण नोंदवहीत चढलं. नोंदवहीत चढलं म्हणजे ते निकाली निघेपर्यंत महिन्याच्या गोषवाऱ्यात दाखवावं लागणार. निकाली काढायला साहेबांचा अंतिम आदेश हवा. साहेबांचा आदेश ‘चर्चा करा’ असा. चर्चेला नमुना हवा. आणि नमुन्याला डॉक्टरांची बंदी. वर आधी सांगितलेला तो लांब नावाचा कायदा म्हणतो, कोणतीही फाइल कुणाही कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये. म्हणून ती फाइल आठवड्याला एक याप्रमाणे सगळ्या टेबलांवरून फिरत राहिली. कायदा आम्ही एकदाही मोडला नाही.

पुढच्या बदल्यांत साहेब गेले. नवे आले ते फाइलीच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांच्यापुढे ठेचा ठेवायची कुणाची छाती होईना. त्यांना इतकंच कळलं, की दर महिन्याच्या गोषवाऱ्यात ‘एक वर्षावरील प्रलंबित: १’ असा आकडा येतो आणि तो काही केल्या शून्य होत नाही. बैठकीत त्यांनी विचारलं, "हे एक काय आहे?" आस्थापना मॅडम म्हणाल्या, "संवेदनशील आहे सर. वैद्यकीय बाजू आहे." साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली.

खरी परीक्षा दप्तर तपासणीत झाली. वरून पथक आलं. सहा गठ्ठे नीट बांधलेले होते, रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. पथकातल्या चष्मेवाल्या अधिकाऱ्यांनी प्रतीक्षाधीन प्रकरणांच्या गठ्ठ्यात हात घातला आणि नेमकी तीच फाइल बाहेर काढली. आमच्यातल्या तिघांना एकाच वेळी तहान लागली. अधिकाऱ्यांनी विषय वाचला: ‘मध्यान्ह भोजनातील...’ आणि पुढं वाचलंच नाही. "मध्यान्ह भोजन? हे तुमच्याकडे कसं? शाळांचा विषय आहे. शिवाय योजनेचं नाव आता पीएम पोषण झालंय, ते बदला." तपासणी अहवालात मुद्दा आला: ‘सदर प्रकरण शिक्षण विभागाशी संबंधित दिसते. योग्य त्या कार्यालयाकडे वर्ग करावे.’

रोखपाल म्हणाले, करू या की वर्ग, ब्याद जाईल. पण तोंडलीवरचा खुलासा शिक्षण विभागात वाचला जाणार या कल्पनेनं नियोजनाच्या भाऊसाहेबांना घाम फुटला. शेवटी अनुपालनात आम्ही लिहिलं: ‘कार्यवाही चालू आहे.’ या तीन शब्दांपुढे आजवर कुणी प्रतिप्रश्न केल्याचं मला माहीत नाही.

मग अभिलेख वर्गीकरणाचा वाद झाला. ‘अ’ वर्ग म्हणजे कायम जतन, ‘ब’ म्हणजे तीस वर्षं, ‘ड’ म्हणजे वर्षाभरानं नष्ट. अभिलेख कक्षाचे नाना ‘ड’ म्हणत होते. बारनिशी मॅडमना ‘अ’ हवा होता. "पुढच्या पिढीला कळायला नको, आपण काय खात होतो?" नाना म्हणाले, "मॅडम, त्या फाइलीवरचे तेलाचे डाग बघितले तर पुढच्या पिढीला टिप्पणी वाचायची गरज पडणार नाही." तडजोड ‘ब’वर झाली. पण निकाली निघाल्याशिवाय वर्गीकरण करता येत नाही हे नानांच्याच लक्षात आलं आणि फाइल परत फिरायला लागली.

यंदाच्या मे महिन्यात आमच्याकडची बरीच टेबलं रिकामी झाली. काही बदलीनं, काही निवृत्तीनं. निवृत्तीचा मुक्काम ३१ मे, कारण आमच्या पिढीत जन्मतारीख एक जून. शाळेत नाव घालताना बापाला तारीख आठवत नसे. मास्तर म्हणत, एक जून टाकू, शाळा जूनलाच सुरू होते. त्यामुळे कार्यालयात एक जूनला पाचसहा जणांचा वाढदिवस एकदम असतो, आणि केक एकच आणून त्यावर नावांऐवजी ‘सर्व संबंधित’ लिहितात. अठ्ठावन्न भरले की हे सगळे संबंधित एकाच संध्याकाळी शाल-श्रीफळ घेऊन जिना उतरतात. निरोपाची भाषणंही मग एकगठ्ठाच होतात. ‘मितभाषी, मनमिळाऊ आणि कामसू’ असं पाच जणांबद्दल एका वाक्यात बोलून वक्ते खाली बसतात. ज्यांच्याबद्दल बोललं त्यांच्यातल्या एकानं उभ्या आयुष्यात कधी मितभाषण केलेलं नसतं, तो जोरात टाळ्या वाजवतो.

नियोजनाचे भाऊसाहेब मात्र निवृत्त झाले नाहीत. त्यांची विनंती बदली झाली, आईचं वय झालं म्हणून, स्वतःच्या जिल्ह्यात. त्यांच्या जागी स्पर्धा परीक्षा देऊन आलेली एक मुलगी रुजू झाली. तिला आम्ही सगळे ‘ताई’ म्हणतो. वयानं ती आमच्या मुलींएवढी, पण टेबल नियोजनाचं, आणि त्या टेबलाचा मान आहे. पहिल्याच दिवशी एक वाजता रोखपालांनी वाटी पुढं करून विचारलं, "काय ताई, ठेचा?" ती बिचारी म्हणाली, "मी मेस लावलीय." सगळे इतके हसले की तिनं संध्याकाळी घरी फोन करून काय चुकलं असेल ते विचारलं म्हणे.

पण पोरगी परीक्षेतून आली होती. नियम पाठ होते. तिनं कार्यभाराची यादी पुन्हा वाचली आणि प्रलंबित प्रकरणात ठेच्याची फाइल तिला दिसली. इतक्या वर्षांत ती फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकदाही न हसता वाचणारी ती पहिलीच. वाचून झाल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "नमुना मागवायचं पत्र कुणी पाठवलंच नाही का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच कुणी पाठवलं नव्हतं.

तिनं पत्र टाइप केलं. ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मा. साहेबांनी नमुन्यासह चर्चेचे निर्देश दिले असून सदर नमुना अद्याप अप्राप्त आहे. तरी सात दिवसांचे आत सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.’ जावक क्रमांक पडला. पत्र टपालानं गेलं.

सातव्या दिवशी एक खोकं आलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची बरणी, बरणीवर दोऱ्यानं बांधलेलं पत्र, भाऊसाहेबांच्या नव्या कार्यालयाच्या जावक क्रमांकासह: ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने नमुना सोबत जोडला आहे. आईचे हातचा आहे. डॉक्टर बदलले आहेत. पोच द्यावी.’ बारनिशी मॅडमनी बरणीच्या झाकणावर ‘प्राप्त’चा शिक्का मारला, तारीख टाकली, आणि पोच लिहायला ताईकडे पाठवली. पण बारनिशीपासून नियोजनापर्यंत मध्ये लेखा लागतो, भांडार लागतं, रोखपाल लागतात. ताईनं बरणी उजेडात धरून पाहिली, पातळी कुठं आली आहे ते बघितलं आणि नियमाप्रमाणे लिहिलं: ‘सहपत्र अंशतः प्राप्त. उर्वरित नमुना सत्वर पाठवावा.’